तात्पुरतं

बाल्दोमेरो बारियांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला
एक किटली पाणी उकळेल इतका वेळ घेतो.
ते तसंच मोजतात. पूर्वी अर्धी किटली पुरायची.
म्हणून मला बोलावणं:
वरच्या गल्लीतल्या मिहोविलोविचांची यास्ना,
हिला त्यातलं कळतं म्हणे.

बाहेर पुंता अरेनासचा वारा
पत्र्यांशी जुनं भांडण उकरतोय,
चौकात दोर बांधलेत, माणसांनी धरून चालावं म्हणून.
आत, उबेला, डब्यावर मांजर.
पंख्याच्या जाळीत तिचे चार हिवाळे अडकलेले.
मी ते चिमटीनं ओढून काढते,
करड्या केसांचा लांबच लांब पेळू.
“कातरायला आलीस की काय?”
म्हातारा हसतो, आणि मांजर उठून जाते.

डिस्कची पट्टी लाल, काठोकाठ.
कुणीच उघडत नाही तो फोल्डर मी उघडते.
एकेचाळीस हजार दोनशे सहा फायली.
“एवढ्या कुणी ठेवल्या?”
“तुम्हीच. म्हणजे तुम्ही नाही.
तुमचं काही चाललेलं असताना
तो आपला ठेवत जातो, तेवढ्यापुरत्या.
मग काढायला विसरतो.”

तेवढ्यापुरत्या, ते म्हणून बघतात,
गरम घोट तोंडात फिरवावा तसं.
“मी चिलोएहून आलो एकोणिसाव्या वर्षी,
मेंढ्या कातरायला, एका हंगामापुरता.
कागदावर शिक्काच होता: तात्पुरता.
तो काही कुणी काढला नाही गं.”

केरात काय काय निघतं!
पेन्शनचा अर्ज, तिसऱ्या पानावर थांबलेला.
सामुद्रधुनीचं हवामान,
रोज पहाटे पाचचं, सहा वर्षांचं
(बोट विकून सात झाली).
नखाएवढं चित्र: तीच बोट,
एक बाजू पिवळी रंगवलेली, दुसरी रंगवायची.
मूळ फोटो डिस्कवर कुठेच नाही.

आणि नावाआधी लाटेची खूण असलेल्या
सतरा फायली, एकाच रात्रीच्या,
दर दहा मिनिटांनी एक.
मी उघडायला नको होत्या.

*प्रिय रोसामेल, आईच्या जमिनीबद्दल तू जे बोललास*
नवव्यात ‘प्रिय’ नाही.
अकराव्यात *तुझं बरोबर होतं.*
बाराव्यात *तुझं बरोबर होतं असं नाही, पण*
चौदाव्यात मेंढ्यांचे भाव, वारा, गुडघा.
सतराव्यात नुसतं *रोसामेल*
आणि एक स्वल्पविराम.

“पाठवलंत?”
“वीज गेली.”
“मग नंतर?”
“नंतर आली.”

घोंगडं भिजत पडावं तर किती वर्षं,
हे मी विचारत नाही. मी चोवीस वर्षांची आहे,
मला फायली काढायचे पैसे मिळतात,
खरं तर तेही नाही, एक बरणी जॅम.

“हेसुद्धा तात्पुरतं?”
“यंत्राच्या मते.”
ते बराच वेळ पडद्याकडे बघतात,
चष्मा कपाळावर, म्हणजे दिसत काहीच नसणार.
“काढ,” म्हणतात, “सगळं काढ. पेन दे जरा.”
पेन शोधता शोधता स्वयंपाकघरात जातात
आणि तिथेच राहतात.

मी सगळं निवडते, शिफ्ट धरून पुसते.
हिरवी रेघ सरकते, अडते, सरकते,
शेवटी एका फायलीपाशी हटून बसते:
*ही दुसरीकडे उघडी आहे.
ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा.*
सगळं बंद आहे. मी दोनदा बघते.
कुठली फाईल ते मात्र बघत नाही,
‘वगळा’ दाबते.

अकरा जीबी मोकळे.
“एवढ्यात मी ठेवू काय?” आतून आवाज.
कॉम्प्युटर पुन्हा लावला,
तो डोळे चोळत लगेच उठून बसला.
किटली अजून नुसती कुजबुजतेय.
म्हातारा दारात, हातात पेन,
एकदा पडद्याकडे बघतो, एकदा चुलीकडे,
वैतागून म्हणतो,
“घ्या. आता पाणी मागे पडलं.”